‘-क्वे’ची नोंद : प्रकल्प नोंदी

४ जून

संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकासाठी लॅटिन अव्ययांची एक छोटी सूची करायला घेतली आहे. चाळीस अव्ययं, प्रत्येकाला एक पान. सहा पानं झाली. आजपासून सातवं : ‘-क्वे’. अर्थ ‘आणि’.

पहिला प्रश्न साधाच होता, पण संध्याकाळ त्यातच गेली. ही नोंद लावायची कुठे? हा शब्द एकटा उभा राहत नाही. लॅटिनमध्ये ‘आणि’साठी ‘एत्’ हा सुटा शब्द आहे, तो दोन शब्दांच्या मध्ये बसतो. ‘-क्वे’ मात्र दोनांपैकी दुसऱ्या शब्दाच्या शेवटाला चिकटतो. शेवटी ‘क’खालीच लावला, आधी आडवी रेघ देऊन. रेघेचा अर्थ सूचीच्या सुरुवातीला सांगावा लागेल : याच्या आधी कुणीतरी असल्याशिवाय हा येत नाही.

पानावर पहिलं उदाहरण कोणतं द्यायचं हे ठरलेलंच होतं. ‘सेनातुस् पोपुलुस्क्वे रोमानुस्’, म्हणजे सेनेट आणि रोमन जनता. रोमच्या राज्याचं अधिकृत नाव. त्याची चार आद्याक्षरं एस, पी, क्यू, आर आजही रोममध्ये गटारांच्या लोखंडी झाकणांवर ओतलेली असतात. त्यातला क्यू म्हणजे आपला ‘-क्वे’. आद्याक्षरांत ‘आणि’ला स्वतःचं अक्षर मिळालं, हे मला फार आवडतं.

५ जून

जागेबद्दलची टीप लिहिली. संस्कृतवाल्याला इथे नवं काही शिकवायचं नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे. ‘रामो लक्ष्मणश्च’. ‘च’ दुसऱ्या शब्दामागे. वाक्याच्या किंवा श्लोकाच्या चरणाच्या आरंभी ‘च’ येत नाही, हे आपण पहिल्या वर्षीच पाठ करतो. ‘-क्वे’चं तेच.

जोडीतल्या दोन्ही शब्दांना लावायची पद्धतही सारखी आहे : ‘रामश्च लक्ष्मणश्च’, ‘-क्वे … -क्वे’, ग्रीकमध्ये ‘ते … ते’. याकोब वाकेरनागेल या भाषाशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये दाखवून दिलं की असे बिनआघाताचे छोटे शब्द या भाषांत वाक्याच्या दुसऱ्या जागेकडे ओढ घेतात. ते आधीच्या शब्दाच्या आघातावर रेलून उभे असतात. त्यांचं चिकटणं हे लिहिण्याच्या सवयीतून आलेलं नाही, उच्चारातून आलेलं आहे. ‘पोपुलुस्’ म्हणताना जोर पहिल्या ‘पो’वर, ‘-क्वे’ लागला की व्याकरणकारांच्या नियमाप्रमाणे जोर सरकून ‘लुस्’वर येतो. शब्दाला मागून कुणीतरी धरल्यावर तोल बदलावा तसा.

८ जून

आज व्युत्पत्तीचा रकाना. ‘च’ आणि ‘-क्वे’ एकच शब्द आहेत असं नुसतं लिहून चालणार नाही. कानाला ते पटत नाही. ‘च’ कुठे आणि ‘क्वे’ कुठे! वाचकाला विश्वास ठेवायला न लावता त्याच्या स्वतःच्या हातात पुरावा द्यायचा, हा या सूचीचा नियम मी पहिल्या पानापासून पाळते आहे.

पुरावा मराठी आकड्यांत आहे. चार : संस्कृत ‘चत्वारः’, लॅटिन ‘क्वात्तुओर’, ग्रीक ‘तेस्सारेस’. संस्कृतात ‘च’, लॅटिनमध्ये ‘क्व’, ग्रीकमध्ये ‘त’. आता पाच : ‘पञ्च’, ‘क्वींक्वे’, ‘पेंते’. शेवटच्या अक्षराकडे पाहा. पुन्हा च, क्वे, ते. मग प्रश्नवाचक घ्या : संस्कृत ‘कश्चित्’मधला ‘चित्’, लॅटिन ‘क्विद्’, ग्रीक ‘ति’. तीन वेळा तोच हिशेब लागतो. तेव्हा ‘च’, ‘-क्वे’ आणि ग्रीक ‘ते’ ही चौथी ओळ आपोआप मांडली जाते.

मूळ भाषेत ओठ गोल करून उच्चारलेला ‘क’ होता, त्यापुढे ‘ए’. म्हणजे ‘क्वे’च. लॅटिनने तो जवळजवळ तसाच ठेवला. ग्रीकमध्ये ‘ए’पुढे त्याचा ‘त’ झाला. संस्कृत आणि अवेस्ता (पारशी धर्मग्रंथाची जुनी इराणी भाषा) यांच्या पूर्वजाने ‘ए’च्या शेजारामुळे ‘क’ टाळूकडे नेला, त्याचा ‘च’ केला, आणि त्यानंतर ‘ए’चा ‘अ’ करून टाकला. ‘च’मध्ये आज ‘ए’ दिसत नाही, पण तो असल्याशिवाय ‘क’चा ‘च’ झालाच नसता. चोर निघून गेला, ओल्या मातीत पाऊल राहिलं.

या एका पावलाने मोठी गोष्ट बदलली. तोवर अभ्यासकांचा समज होता की संस्कृतातला ‘अ’ हाच मूळ स्वर, आणि लॅटिन-ग्रीकमधले ‘ए’, ‘ओ’ नंतर फुटलेले. १८७०च्या दशकात युरोपात अनेकांना जवळजवळ एकाच वेळी लक्षात आलं की उलट आहे. ‘ए’ जुना आहे, आणि त्याची साक्ष खुद्द संस्कृतच्या ‘च’मध्ये आहे. याला तालव्यीकरणाचा नियम म्हणतात. संस्कृत ही सगळ्यांची आई नसून मोठी बहीण आहे हे ज्या पुराव्यांनी ठरलं, त्यांत हा एकाक्षरी शब्द आहे. ‘च’ला आपण श्लोकात जागा भरायला वापरतो, अमरकोशातही त्याचं एक काम ‘पादपूरण’ सांगितलं आहे. इतकी वर्षं मुलांना तेच सांगत आले. पुढच्या वर्षी वर्गात आधी चार आणि पाच फळ्यावर मांडणार.

११ जून

कुळाचा विस्तार. इथे यादी करायचा मोह आवरला. चार ठिकाणं निवडली, जिथे हा शब्द प्रत्यक्ष कशावर तरी कोरलेला, लिहिलेला सापडतो.

एक, मायसिनी काळच्या, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीकांच्या मातीच्या पाट्या, क्रीट बेटावरच्या आणि ग्रीसमधल्या पिलोसच्या. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये ती लिपी वाचली, आणि भाषा ग्रीक निघाली. त्यात ‘आणि’साठी ‘-क्वे’ आहे. ‘ते’ नाही! म्हणजे ग्रीकचा ‘त’ तेव्हा अजून झालेला नव्हता. ‘क्व’चा ‘त’ झाला असणार हे अभ्यासकांनी हिशेबाने आधीच मांडलं होतं, आणि मग जमिनीतून त्या आधीचं रूप हाती आलं. माझ्या दृष्टीने हे या पानावरचं सर्वांत आनंदाचं वाक्य आहे. ते तिरक्या टाइपात घातलं.

दोन, स्पेनमध्ये सारागोसाजवळच्या बोतोर्रिता गावी १९७० मध्ये सापडलेला काशाचा पत्रा. भाषा केल्टिबेरियन, स्पेनमधली जुनी केल्टिक. पहिल्याच ओळीत ‘तोकोइतोस्कुए सार्निकिओकुए’. दोन शब्द, दोन्हींना ‘-कुए’. मजकुराच्या अर्थावर अजून वाद चालतात, पण ‘रामश्च लक्ष्मणश्च’ म्हणणाऱ्याला या ओळीची चाल लगेच कळते.

तीन, उत्तर इटलीतल्या ओर्नावास्सोचा एक कलश. भाषा लेपाँटिक, हीही केल्टिक. ‘लातुमारुइ साप्सुताइपे’ : लातुमारोसला आणि साप्सुताला. हा कलश द्राक्षाच्या मद्याचा होता आणि त्या दोघांसाठी होता. इथे ‘क्व’चा ‘प’ झाला. वेल्श या आजच्या केल्टिक भाषेत चार म्हणजे ‘पेद्वार’, त्यातला ‘प’ याच वाटेने आला.

चार, गॉथिक, एक जुनी जर्मानिक भाषा. चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरात ‘-उह्’ असा उरलेला दिसतो. नकारासोबत ‘निह्’. लॅटिन ‘नेक्वे’, संस्कृत ‘न च’. जुन्या नाट्यपदांतला ‘नच’ ज्याच्या कानात आहे, त्याला ही जोडी वेगळी समजावून सांगायला नको.

१२ जून

दोन गोष्टी मसुद्यातून काढल्या.

फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांत लिहितात तो ‘क्यू-यू-ई’. अक्षरं हुबेहूब तीच आहेत, पण हा तो शब्द नाही. तो ‘की, जे, काय’ या अर्थाचा, लॅटिनच्या ‘क्विद्’, ‘क्वोद्’ वगैरे रूपांतून आलेला. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या वाचकाची इथे नक्की गल्लत होईल, म्हणून ‘यापासून वेगळा’ अशी एक ओळ ठेवली.

दुसरं, ‘अडीच’. मीच उत्साहाने लिहून ठेवलं होतं की यात ‘च’ आहे. नाही. ‘अर्धतृतीय’, मग प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’, मग ‘अडीच’. हा ‘च’ त्या ‘ज्ज’चा आहे. ‘घरचा’, ‘उद्याची’ यांतला ‘चा-ची-चे’ही निराळा. काढून टाकलं.

१५ जून

अर्थाचा रकाना चार दिवस रेंगाळला आहे. लिहिते आणि खोडते.

शब्दकोशात ‘-क्वे : आणि’ असं एका शब्दात भागवता येतं. पण मग ‘एत् : आणि’ हेही तसंच, ‘आत्क्वे : आणि’ हेही तसंच. (‘आत्क्वे’ म्हणजे ‘आद्’ अधिक ‘क्वे’, ‘शिवाय आणि’.) तीन शब्दांना एकच अर्थ देणारा कोश वाचकाला काही देत नाही.

व्याकरणं सांगतात की ‘एत्’ कोणत्याही दोन गोष्टी जोडतो, आणि ‘-क्वे’ ज्यांची मुळातच जोडी आहे त्यांना. ठरलेली उदाहरणं : ‘तेर्रा मारिक्वे’, जमिनीवर आणि समुद्रावर. ‘दोमी मिलितिअएक्वे’, घरी आणि रणात. ‘फेर्रो इग्निक्वे’, लोखंडाने आणि आगीने.

माझी भाषांतरं वाचून पाहिली. ‘जमिनीवर आणि समुद्रावर’. अर्थ बरोबर, पण मेलेलं. रोमन माणूस ‘तेर्रा मारिक्वे’ म्हणताना जमीन वेगळी, समुद्र वेगळा असं मोजत नव्हता. त्याला ‘सगळीकडे’ म्हणायचं होतं. मराठी माणूस असं म्हणायची वेळ आली तर काय म्हणतो?

१७ जून

सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजताना सापडलं. जळीस्थळी.

‘तेर्रा मारिक्वे’ म्हणजे जळीस्थळी. ‘आणि’ कुठेच नाही. मराठीत जोडी जितकी जुनी, तितका ‘आणि’ नकोसा होतो. घरदार, देवधर्म, शेतीवाडी, मीठभाकर, लेकीसुना. ‘मीठ आणि भाकर’ म्हटलं तर ताटात दोन पदार्थ दिसतात; ‘मीठभाकर’ म्हटलं की एका घराचा संसार दिसतो. ‘एत्’ आणि ‘-क्वे’ यांतला फरक हाच आहे. तो मी इंग्रजी ‘अँड’च्या आधाराने सांगायला बसले होते, आणि इंग्रजीत तर तो दाखवायची सोयच नाही.

मग पाणिनी काढला. दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातलं एकोणतिसावं सूत्र : ‘चार्थे द्वंद्वः’. द्वंद्व समास ‘च’च्या अर्थाने होतो. हे सूत्र शाळेपासून पाठ आहे, पण आज पहिल्यांदा ते ‘-क्वे’साठी वाचलं. ‘च’चे चार अर्थ टीकाकार सांगतात : समुच्चय, अन्वाचय, इतरेतरयोग, समाहार. यांतल्या शेवटच्या दोनांचाच द्वंद्व होतो. एकमेकांशी बांधलेल्यांचा, आणि मिळून एक झालेल्यांचा. नुसत्या बेरजेचा होत नाही. ‘ईश्वरं गुरुं च भजस्व’ हे समुच्चयाचं उदाहरण. ईश्वर आणि गुरू दोघं स्वतंत्रपणे भजायचे, तिथे समास नाही.

लॅटिनच्या व्याकरणांना जो भेद ‘घट्ट जोडी, सैल जोडी’ अशा मोघम शब्दांत सांगावा लागतो, त्याला आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वी घालून दिलेली चौकट आहे. ती चौकट रोमसाठी बनवलेली नाही, पण बेतून शिवल्यासारखी बसते. कारण कापड एकच आहे.

अर्थाचा रकाना नव्याने लिहिला. पहिली ओळ : ‘नामांच्या रूढ जोडीत मराठीत भाषांतर करताना वेगळा शब्द देऊ नये, द्वंद्व करावा.’ खाली तीन उदाहरणं. ‘तेर्रा मारिक्वे’ : जळीस्थळी. ‘दोमी मिलितिअएक्वे’ : घरीदारी, आणि कंसात ‘इथे दार म्हणजे रणांगण’. ‘फेर्रो इग्निक्वे’साठी मराठी जोडी अजून सापडलेली नाही. ‘जाळपोळ’ जवळ येतो, पण त्यात लोखंड नाही. रकाना रिकामा ठेवला.

२० जून

सरांना मसुदा पाठवला होता. त्यांनी मला लॅटिन शिकवलं, आता निवृत्त आहेत, आणि मसुदा फोनवरच तपासतात. आज तासभर बोलले.

“पान चांगलं झालंय, पण तू वाचकाला फसवते आहेस,” म्हणाले. “‘-क्वे’ नामंच जोडतो असं वाटेल. तो क्रियापदं जोडतो, अख्खी वाक्यं जोडतो. तिथे कसला द्वंद्व करशील?”

बरोबर आहे. ‘उठला आणि निघाला’ या जातीच्या वाक्यांत ‘-क्वे’ सर्रास येतो. दुसऱ्या क्रियापदाच्या शेवटाला लागतो आणि गोष्ट पुढे ढकलतो.

“सर, तिथे मराठीत ‘नि’ चालेल? ‘उठला नि निघाला’?”

थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “‘नि’ चालेल. ‘आणि’ नको. ‘नि’ला स्वतःचा जोर नाही, तो मागच्या शब्दावर टेकतो. तुझ्या वाकेरनागेलला आवडेल.”

फोन ठेवायच्या आधी त्यांनी अन्वाचयाची आठवण दिली. ‘भिक्षामट गां चानय’. भिक्षेला जा, आणि गाय दिसली तर तीही घेऊन ये. मुख्य काम एक, ‘च’ने जोडलेलं दुसरं जाता जाता करायचं. लॅटिन वाक्यांत ‘-क्वे’ने मागाहून जोडलेलं काही आलं, की हे उदाहरण आठवावं, अशी टीप घातली. शिष्य गाय शोधत रानोमाळ हिंडला तर भिक्षा राहून जाईल, हे त्या एका ‘च’वर अवलंबून आहे.

२३ जून

वसईला गेले होते, मैत्रिणीच्या आजीकडे. आजी लहानपणी चर्चच्या गायनात होत्या, तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात, प्रार्थना मराठीत आल्या. पण क्रेदो, म्हणजे लॅटिन श्रद्धासूत्र, त्यांना अजून पूर्ण पाठ आहे.

मी विचारलं, “आजी, ‘फिलिओक्वे’ असलेली ओळ म्हणाल?”

डोळे मिटून सुरात म्हटली. ‘क्वी एक्स पात्रे फिलिओक्वे प्रोचेदित’. जो पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो, म्हणजे पवित्र आत्मा. आवाज थकलेला, पण ‘फिलिओक्वे’वर सूर कुठे चढवायचा ते अंगात बसलेलं. मग म्हणाल्या, “आम्हा पोरींना वाटायचं, हे एका संताचं नाव आहे. फिलिओक्वे. आम्ही त्याच्याकडेही मागणं मागायचो.”

त्यांना सांगितलं की शेवटचा ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’, आणि आमच्या संस्कृतातला ‘च’ त्याचा भाऊ. त्यांनी पुन्हा एकदा ओळ म्हटली, या वेळी हळू, ‘फिलिओ’ आणि ‘क्वे’ यांच्यात किंचित थांबून. सत्तर वर्षं पाठ असलेल्या ओळीतला एक शब्द त्यांनी माझ्यासमोर उलगडून पाहिला. जाताना हातात सुकेळ्यांची पुडी दिली.

२४ जून

फिलिओक्वेची टीप लिहायला घेतली. ती लांबणार हे मान्य केलं.

३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेलं श्रद्धासूत्र ग्रीकमध्ये आहे, आणि त्यात पवित्र आत्मा पित्यापासून निघतो एवढंच आहे. पश्चिमेत, लॅटिन बोलणाऱ्या चर्चमध्ये, त्यात हळूहळू ‘फिलिओक्वे’ शिरला, ‘आणि पुत्रापासून’. रोममध्ये तो १०१४ मध्ये अधिकृतपणे म्हटला गेला. पूर्वेकडच्या चर्चला हे मान्य नव्हतं. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांच्या माणसांना बहिष्कृत केलं, आणि त्या भांडणाच्या कारणांत हा शब्द होता. इतर कारणंही होती, सत्तेची, रीतिभातींची. ती टीपेत नमूद केली. ते बहिष्कार १९६५ मध्ये मागे घेतले गेले.

भाषेच्या बाजूने एकच गोष्ट सांगायची होती. ‘एत् फिलिओ’ असं सुटं न लिहिता ‘फिलिओक्वे’ असं एका शब्दात लिहिलं, म्हणून या वादाला नाव मिळालं. आज धर्मशास्त्रात तो वाद ‘फिलिओक्वे’ याच नावाने ओळखतात. ज्याला एकटं उभं राहता येत नाही, त्या अव्ययाला ‘पुत्र’ शब्दाच्या पाठीवर बसून ही जागा मिळाली.

२८ जून

आता मराठीचा भाग. याचीच मी सर्वांत जास्त वाट पाहत होते.

वाचक विचारणारच : ‘मीच’, ‘तोच’, ‘आजच’ यांतला आपला ‘च’ तोच का? अर्थ तर अजिबात जुळत नाही. ‘मीच’ म्हणजे ‘मी आणि’ नव्हे. उलट ‘मी, दुसरं कुणी नाही’. जोडणं दूर राहिलं, हा ‘च’ बाकीच्यांना तोडतो. शालेय व्याकरणातही तो उभयान्वयी नाही, शुद्ध शब्दयोगी आहे.

तरी तो तोच आहे, एका वळणाने. संस्कृतात ‘च’ आणि ‘एव’ अनेकदा शेजारी येतात : ‘चैव’. ‘एव’ म्हणजे ‘हाच, दुसरा नाही’, अवधारण. पालीत त्याचं ‘चेव’ झालं. प्राकृतात ‘चेअ’, ‘चिअ’, ‘च्च’. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ही रूपं अवधारणाच्या अर्थाने नोंदवली आहेत. तिथून संतवाणीतला ‘चि’ : ‘हेचि’, ‘तोचि’, ‘तैसेंचि’. आणि त्यातून आजचा ‘च’. जीभ वाटेत टाळूवरून दातांकडे सरकली, म्हणून ‘मीच’मधला ‘च’ आपण ‘चमचा’सारखा उच्चारतो, ‘चहा’सारखा नाही.

प्रवासात झालं असं, की दोन शब्द एकत्र निघाले आणि एकच पोचला. ‘एव’चा उच्चार झिजून गेला, पण त्याचा अर्थ राहिला. ‘च’चा अर्थ गेला, पण उच्चार राहिला. आज ‘मीच’ म्हणताना आपण ‘च’ उच्चारतो आणि ‘एव’ म्हणतो.

आणि ‘च’चं जुनं काम? ते जळीस्थळी, मीठभाकर, आईबाप यांच्याकडे गेलं, जिथे कसलाच उच्चार नाही. पाणिनीचा ‘चार्थ’ मराठीत अजून जिवंत आहे, फक्त त्याला आवाज नाही. आवाज एका घरी नांदतो, काम दुसऱ्या घरी.

हे लिहिल्यावर वही मिटली. संध्याकाळी बाजारात भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “ताजीच आहे, आजच आलीय.” दोनदा ‘-क्वे’ ऐकू आला.

३० जून

‘-क्वे’ मेला कसा, हा रकाना. लिखित लॅटिनमध्ये तो दीर्घकाळ टिकला, पण बोलीत ‘एत्’ने जागा घेतली. फ्रेंच ‘ए’ (लिहिताना शेवटी ‘त’, जो पुढे स्वर आला तरी उच्चारत नाहीत), इटालियन ‘ए’, स्वरापुढे ‘एद’, पोर्तुगीज ‘इ’, स्पॅनिश ‘इ’. रुमानियनने दोघांनाही सोडलं. तिथला ‘शि’ लॅटिनच्या ‘सीक्’वरून, म्हणजे ‘असं’. लॅटिनमधून निघालेल्या एकाही (रोमान्स) भाषेत ‘-क्वे’ ‘आणि’ म्हणून उरलेला नाही. ‘च’चंही हेच झालं. मराठीत ‘आणि’, हिंदीत ‘और’, गुजरातीत ‘अने’.

हे नवे शब्द कुठून आले ते पाहताना हात थांबला. ‘आणि’ आणि ‘अने’ संस्कृत ‘अन्य’कडून. ‘और’ ‘अपर’कडून. दोन्हींचा अर्थ ‘दुसरा’. आणि ‘एत्’? तो संस्कृत ‘अति’चा भाऊ. ग्रीकमध्ये ‘एति’ म्हणजे ‘अजून, आणखी’. मूळ अर्थ ‘पलीकडे, वर’. ‘अति तेथे माती’ म्हणताना आपण रोमचा ‘आणि’ उच्चारतो. जोडणारा शब्द झिजला की माणसं ‘दुसरं’, ‘आणखी’, ‘पलीकडचं’ असा एखादा धट्टाकट्टा शब्द धरून आणतात आणि त्याला त्या कामावर बसवतात. तोही मग झिजू लागतो : ‘आणि’, ‘अन्’, ‘नि’.

मराठीचा ‘व’ या कुळातला नाही. तो फारसीच्या वाटेने आलेला, अरबी ‘व’. ‘वगैरे’ त्यानेच सुरू होतो : ‘व’, मग ‘गैर’ म्हणजे इतर (गैरहजरमधला), मग ‘त्याचं’. ‘आणि त्याखेरीजचं’. लॅटिन ‘एत् केतेरा’ म्हणजे ‘आणि बाकीचं’. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषांनी यादी थकल्यावर हेच दोन शब्द उचलले. ‘एत्’चं पान लिहीन तेव्हा हे तिकडे हलवायचं. तूर्त इथे एकच ओळ.

३ जुलै

लपून राहिलेले अवशेष.

‘नेक्वे’चं ‘नेक्’ झालं, त्यातून फ्रेंच आणि स्पॅनिश ‘नि’, इटालियन ‘ने’, अर्थ ‘ना हे ना ते’. इथे ‘क्वे’चा ‘क्’सुद्धा गळून पडला, आणि तरी त्याच्याचमुळे हा शब्द नुसता ‘नाही’ न राहता ‘आणि नाही’ झाला.

‘सेस्क्वि-’ हा उपसर्ग, दीडपट. दीडशेव्या वर्धापनाला इंग्रजीत जो लांबलचक शब्द आहे त्याच्या आरंभी हाच. मुळात ‘सेमिस्-क्वे’, म्हणजे ‘आणि अर्धा’. मराठीत साडेतीनमधला ‘साडे’ म्हणजे ‘सार्ध’, अर्ध्यासकट. रोमने ‘आणि’ लावला, आपण ‘सह’ लावला. दीड आणि अडीच मात्र आपण मागून मोजतो : दुसरा अर्धा, तिसरा अर्धा. मला हे इतकं आवडलं की अर्धं पान लिहून झालं. दोन ओळी ठेवल्या.

५ जुलै

पान तयार. सरांनी एकच दुरुस्ती सुचवली : ‘घरीदारी’ला दिलेला कंस काढायचा, दार म्हणजे रणांगण हे मराठी वाचकाला ओढूनताणून वाटेल. काढला. त्याऐवजी सरळ ‘घरी आणि मोहिमेवर’ दिलं, आणि इथे द्वंद्व जमत नाही असं स्पष्ट लिहिलं. ‘फेर्रो इग्निक्वे’चा रकाना रिकामाच छापायला जाणार. कुणा वाचकाला सुचलं तर पुढच्या आवृत्तीत भरू.

आजींसाठी ‘फिलिओक्वे’ची टीप मोठ्या अक्षरांत वेगळी छापून वसईला पाठवली.

६ जुलै

आठवं पान : ‘-वे’. अर्थ ‘किंवा’. हाही मागून चिकटतो, आणि संस्कृत ‘वा’चा भाऊ आहे; ‘किंवा’ आणि ‘अथवा’ यांच्या शेपटाला तोच आहे. पहिली दोन उदाहरणं कालच टिपून ठेवली होती. ‘प्लूस् मिनुस्वे’, जास्त किंवा कमी. ‘बिस् तेर्वे’, दोनदा किंवा तीनदा.

या वेळी ‘किंवा’ लिहिलाच नाही. कमीअधिक. दोनतीनदा. शाळेच्या पुस्तकात याला वैकल्पिक द्वंद्व म्हणतात.